मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचे शिक्षण आणि संशोधन : प्रवेशापासून प्रबंधापर्यंत

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सामाजिक शास्त्रे शिकू पाहणारा विद्यार्थी बहुधा अभ्यासक्रमांच्या यादीपासून सुरुवात करतो. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, लोकसंख्याशास्त्र अशी नावे वाचत जातो आणि त्यांतले ओळखीचे किंवा वजनदार वाटणारे एखादे निवडतो. ही सुरुवात उलट्या टोकाकडून झालेली असते. आपल्याला नेमके कुतूहल कशाचे आहे ते आधी प्रश्नाच्या रूपात कागदावर लिहावे आणि मग तो प्रश्न कोणत्या विभागात, कोणत्या रीतीने विचारला जातो हे शोधावे.

खेड्यातून शहरात होणारे स्थलांतर हा विषय घेऊ. अर्थशास्त्राचा विभाग मजुरीतील फरक आणि घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशाचा हिशेब मांडेल. समाजशास्त्राचा विभाग पहिली नोकरी कोणाच्या ओळखीने मिळाली हे विचारेल. राज्यशास्त्राचा अभ्यासक या माणसांचे मतदान कोठे होते आणि त्यांची बाजू कोण मांडते हे पाहील. लोकसंख्याशास्त्रज्ञ मागे राहिलेल्या गावाची वयोरचना तपासेल. मानववंशशास्त्रज्ञ मात्र चारदोन कुटुंबांच्या सहवासात वर्षभर राहून त्यांच्या जगण्यातील बारकावे टिपेल. विषय एकच असला तरी पुरावा म्हणून काय चालते हे प्रत्येक विभागात वेगळे असते. म्हणून विभाग निवडताना विषयापेक्षा आपल्याला कोणत्या प्रकारच्या पुराव्याबरोबर दिवस काढायला आवडेल याचा विचार करावा. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्याने केवळ प्रतिष्ठेपोटी अर्थशास्त्र घेतले, किंवा अनोळखी माणसांशी बोलताना ज्याची जीभ अडखळते त्याने क्षेत्रकार्यावर उभा असलेला अभ्यासक्रम घेतला, तर पुढची वर्षे जड जातात. अर्थात अडखळणारी जीभ सरावाने सुटते, हेही खरे.

विभागाच्या पलीकडचे विद्यापीठ

मोठ्या विद्यापीठाची खरी गंमत विभागाच्या पाटीवरून कळत नाही. शिकवण्याचे काम विभागात चालते, परंतु संशोधनाचा मोठा भाग केंद्रांमध्ये, सर्वेक्षण संस्थांमध्ये आणि माहितीच्या संग्रहांमध्ये होत असतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे १९४६ साली सर्वेक्षण संशोधन केंद्र सुरू झाले, १९४९ साली त्यातून सामाजिक संशोधन संस्था उभी राहिली आणि रेन्सिस लिकर्ट तिचे पहिले संचालक झाले. प्रश्नावलीतील ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते हेच लिकर्ट. त्याच संस्थेत १९६८ पासून कुटुंबांच्या उत्पन्नाचा एक अभ्यास चालू असून तो त्याच कुटुंबांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा मागोवा घेत आला आहे. असा अभ्यास एका प्राध्यापकाच्या कारकिर्दीत मावत नाही. त्याला संस्थेचेच आयुष्य लागते, आणि सार्वजनिक विद्यापीठाचा मोठेपणा येथे उपयोगी पडतो.

त्यामुळे प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी विभागाच्या माहितीबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठात कोणती संशोधन केंद्रे आहेत आणि त्यांत विद्यार्थ्यांना सहायक म्हणून घेतात का. सांख्यिकी, मुलाखत, अभिलेख आणि नकाशा यांसारख्या पद्धतींचे वर्ग दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याला घेता येतात का. आणि ग्रंथालयात सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र विषयग्रंथपाल आहे का. या तिसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात. वास्तविक पहिल्या सत्रात विषयग्रंथपालाबरोबर घालवलेला एक तास पुढे कित्येक आठवडे वाचवतो, कारण कोणती जनगणना कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहे, कोणत्या नियतकालिकाचे जुने अंक तळघरात आहेत आणि कोणती माहिती मागवून घ्यावी लागते, हे त्या व्यक्तीला तोंडपाठ असते.

विद्यापीठाच्या पातळीवर नसलेल्या गोष्टी बाहेरून मिळवता येतात. मिशिगनमध्येच १९६२ साली सुरू झालेला सामाजिक व राजकीय संशोधनाचा आंतरविद्यापीठीय माहितीसंग्रह आणि इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९६७ साली स्थापन झालेला माहितीसंग्रह यांत जुन्या सर्वेक्षणांच्या मूळ फाइली जपून ठेवलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात संशोधनपद्धतींचे वर्गही अनेक दशकांपासून भरतात. आपले विद्यापीठ अशा संग्रहाचे सभासद आहे की नाही, हे ग्रंथालयात विचारल्याशिवाय कळत नाही. सभासद असूनही ते कोणाला ठाऊक नाही अशी विद्यापीठे असतात.

पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.

पदवीच्या पातळीवर फार लवकर विशेषीकरण करू नये. पहिल्या वर्षी दोन किंवा तीन सामाजिक शास्त्रे शेजारी शेजारी शिकावीत आणि सांख्यिकीचा एक पायाभूत वर्ग, आवडो न आवडो, पुरा करावा. शेवटच्या वर्षी लघुप्रबंधाचा पर्याय असेल तर तो घ्यावा. लघुप्रबंधाचा निष्कर्ष फारसा महत्त्वाचा नसतो. एका प्रश्नाशी सहा महिने एकट्याने झुंजणे आपल्याला मानवते का, हे मात्र त्यातून नेमके समजते.

पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन जातींचे असतात. एकात वर्ग आणि परीक्षा यांना महत्त्व असते, तर दुसऱ्यात प्रबंधाला. पुढे धोरण, प्रशासन, पत्रकारिता किंवा सर्वेक्षणाच्या कामात जायचे असेल तर पहिला पुरेसा ठरतो. पीएच.डी.चा विचार असेल तर दुसरा घ्यावा. पीएच.डी.त काही देशांत आधी एकदोन वर्षे वर्ग, मग पात्रता परीक्षा, मग संशोधनाच्या आराखड्याचे सादरीकरण आणि नंतर प्रबंध असा क्रम असतो, तर काही देशांत पहिल्या दिवसापासून प्रबंधच हाती घ्यावा लागतो. या दुसऱ्या रीतीत संशोधनपद्धतींचे शिक्षण आपले आपणच जमवावे लागते, आणि ते प्रवेश घेतानाच ध्यानात ठेवलेले बरे.

मार्गदर्शक कसा शोधावा

मार्गदर्शकाची निवड त्याच्या प्रकाशनांच्या यादीवरून करू नये, निदान केवळ तिच्यावरून करू नये. एक साधा उपाय असा : विद्यापीठाच्या प्रबंधसंग्रहातून त्या विभागातील अलीकडच्या पाचसहा वर्षांचे प्रबंध काढावेत आणि त्यांची ऋणनिर्देशाची पाने लक्षपूर्वक वाचावीत. कोणी प्रत्येक प्रकरण दोनदा वाचले, कोणी क्षेत्रकार्याच्या काळात पत्रांना उत्तरे दिली, कोणाचे नाव केवळ औपचारिक एका ओळीत आले आहे आणि कोणत्या दुसऱ्याच प्राध्यापकाचे आभार अर्ध्या पानभर मानले आहेत, हे तेथे स्पष्ट दिसते. विद्यार्थी त्या पानावर सहसा खोटे लिहीत नाहीत. फार तर गप्प बसतात, आणि ते मौनही वाचता येते.

त्यानंतर सध्याच्या दोनतीन विद्यार्थ्यांना भेटावे. ‘सर कसे आहेत?’ किंवा ‘मॅडम कशा आहेत?’ असे विचारले तर ‘चांगले आहेत’, ‘चांगल्या आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘शेवटचे प्रकरण दिल्यानंतर ते किती दिवसांनी परत मिळाले?’ असे विचारावे. उत्तर देताना समोरचा किती वेळ थांबतो, तेही पाहावे.

प्राध्यापकाला पहिले पत्र लिहिताना ते आठदहा ओळींपेक्षा लांब नसावे. आपण कोण, आपला प्रश्न काय, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडलेला आहे आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, एवढेच त्यात असावे. स्तुती टाळावी. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य त्यांना आठवड्यातून अनेकदा वाचावे लागते.

प्रश्न लहान करणे

आराखड्यातील सर्वांत अवघड काम विषयाचे प्रश्नात रूपांतर करण्याचे असते. ‘बेरोजगारीचे सामाजिक परिणाम’ हा विषय झाला. प्रश्न झाला नाही. कोणाचा, कोठला, कोणत्या काळातला आणि कशाशी तुलना करून, ही चार उत्तरे मिळाली की प्रश्न आकार घेऊ लागतो.

याच विषयावर झालेले एक जुने काम येथे जवळून पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्टाल या वस्तीतील कापड कारखाना बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने तेथे अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या हाती अचानक मोकळा वेळ आला तर ते त्याचे काय करतात, हा त्यांचा एक प्रश्न होता. वाचन आणि राजकारण वाढेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. संशोधकांनी ग्रंथालयाची नोंदवही पाहिली तेव्हा पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलेले आढळले. ते रस्त्याकडेच्या खिडकीत घड्याळ घेऊन बसले आणि माणसे किती वेगाने चालतात, वाटेत किती वेळा थांबतात हे मोजू लागले. पुरुष स्त्रियांपेक्षा हळू चालत होते आणि अधिक वेळा थांबत होते. स्त्रियांना घरकाम होतेच, त्यामुळे त्यांच्या दिवसाला आकार उरला होता. प्रश्नावली, मुलाखती, नोंदवह्या, घरातील जेवणाच्या नोंदी आणि पावलांचा वेग, हे सारे एका लहान प्रश्नाभोवती गोळा केलेले होते. आराखडा लिहिण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे की आपल्या प्रश्नाच्या बाबतीत ग्रंथालयाची नोंदवही कोणती आणि ती खिडकी कोठे आहे.

असलेली माहिती वापरावी की नवी गोळा करावी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेला आत्महत्यांचा अभ्यास सरकारी नोंदींच्या आधारे, टेबलाशी बसून केलेला आहे. त्याच सुमारास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस फिलाडेल्फिया शहराच्या एका वॉर्डात दारोदार फिरून कृष्णवर्णीय कुटुंबांची माहिती नोंदवत होते. ते काम १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्ग तितकेच प्रतिष्ठित आहेत. तरीही नवख्या विद्यार्थ्याला माझा सल्ला पहिल्या मार्गाचा असतो, कारण मोठ्या सर्वेक्षणाचा नमुना एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतो आणि संग्रहात पडून असलेल्या फाइलींमध्ये कोणी न विचारलेले प्रश्न पुष्कळ शिल्लक असतात.

तयार माहिती वापरताना आकड्यांच्या आधी तिची संकेतपुस्तिका, म्हणजे फाइलीतील प्रत्येक स्तंभाचा आणि अंकाचा अर्थ सांगणारी पुस्तिका, वाचावी. पुष्कळ फाइलींमध्ये ‘उत्तर दिले नाही’ यासाठी ९९ किंवा ९९९ असा अंक घातलेला असतो. तो न वगळता आठवड्याच्या कामाच्या तासांची सरासरी काढली, तर मोजकेच मौनी उत्तरदाते सगळ्या गटाला अतिश्रमी ठरवतात. तसेच काही गटांतून मुद्दाम अधिक माणसे निवडलेली असतात आणि हिशेब करताना त्यांचे वजन लोकसंख्येतील प्रमाणाइतके करणारा भारांक वापरावा लागतो. प्रबंध परीक्षकाकडून परत येतो तेव्हा अनेकदा कारण सिद्धान्ताचे नसून अशाच एखाद्या स्तंभाचे असते.

नवे सर्वेक्षण करायचेच असेल तर संख्येच्या मोहात पडू नये. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक उत्तरे आली होती आणि त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांसारख्या ठिकाणांहून घेतली होती, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोकही उरलेल्यांपेक्षा वेगळे होते. याउलट यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या १,००० माणसांच्या नमुन्यात चूक साधारणपणे ३ टक्क्यांच्या आसपास राहते आणि ४०० माणसांच्या नमुन्यात ५ टक्क्यांच्या आसपास. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो, म्हणून एका मर्यादेनंतर आणखी प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा न सापडलेल्या माणसाच्या घरी पुन्हा एकदा जाणे अधिक मोलाचे असते.

प्रश्नांची भाषा हा स्वतंत्र अभ्यास आहे. १९४१ साली अमेरिकी संशोधक डोनाल्ड रग यांनी दाखवून दिले की लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणणारे लोक, ‘बंदी घालावी का’ असे विचारल्यावर ‘होय’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक निघतात, जरी दोन्हींचा अर्थ कागदावर एकच असला. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रश्नावलीत ‘ग्रंथालयाच्या वेळा आणि पुस्तके यांबद्दल आपण समाधानी आहात का?’ असा प्रश्न होता. वेळांवर खूश आणि पुस्तकांवर नाराज असलेल्या माणसाने काय लिहावे, हे मला प्रश्नावल्या परत आल्यावर सुचले. सगळ्या भरून झाल्या होत्या. त्या स्तंभाचा काहीही उपयोग झाला नाही. दहाबारा जणांवर प्रश्नावलीची आधी चाचणी घेतली असती आणि प्रत्येकाला ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हटले असते, तर एका दुपारीच ते उघडकीस आले असते.

मुलाखतींचा मार्ग सोपा वाटतो, पण त्याचा हिशेब आधी करावा. एक तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सरावलेल्या माणसालाही चारपाच तास लागतात. पंचवीस मुलाखती म्हणजे शंभराहून अधिक तास केवळ उतरवण्याचे. त्यानंतर मजकुराला संकेत लावणे, म्हणजे प्रत्येक तुकड्याला त्याच्या आशयाचे नाव देणे, ते संकेत पुन्हा तपासणे आणि त्यांतून सूत्रे काढणे राहतेच. त्यामुळे सर्व मुलाखती संपेपर्यंत न थांबता पहिल्या तीन लगेच उतरवाव्यात. त्यांत आपलाच आवाज समोरच्यापेक्षा जास्त ऐकू येत असेल, तर उरलेल्या बावीस वेळेत सुधारतात.

नीतिसमिती

माणसांविषयीच्या कोणत्याही संशोधनाला बहुतेक मोठ्या विद्यापीठांत नीतिसमितीची, म्हणजे संशोधनाने त्यातील माणसांना इजा होणार नाही हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते आणि ती माहिती गोळा करण्याआधी लागते. मागाहून मिळत नाही. विद्यार्थ्यांना ही कागदोपत्री कटकट वाटते, परंतु तिच्यामागे इतिहास आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराची खरी कल्पना न देता आणि उपचार उपलब्ध झाल्यावरही ते न देता निरीक्षणाखाली ठेवले. हे उघड झाल्यावर १९७४ मध्ये संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. आजच्या अर्जांतील बहुतेक रकान्यांचे मूळ या तीन शब्दांत सापडते.

अर्ज लिहिताना समितीला पटवण्याऐवजी उत्तरदात्याला समजेल अशा भाषेत संमतीपत्र लिहावे. मध्येच थांबण्याची मुभा, ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, ते केव्हा पुसले जाणार आणि तक्रार कोणाकडे करावी, हे त्यात एका पानात यावे. नावे बदलणे पुरेसे नसते, हेही लक्षात ठेवावे. ‘गावातील एकमेव महिला डॉक्टर’ असे लिहिले की नाव न लिहिताही सारे काही सांगून झालेले असते. मंजुरीला सहसा काही आठवडे लागतात आणि एकदा तरी दुरुस्तीसाठी अर्ज परत येतो, तेव्हा वेळापत्रकात ती जागा आधीच सोडावी.

लेखन, सादरीकरण आणि नंतर

लेखन शेवटासाठी ठेवू नये. पद्धतीचे प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहावे, कारण कोणाला का वगळले आणि कोणता प्रश्न केव्हा बदलला, हे वर्षभरानंतर आठवत नाही. आकडेवारीचे काम असेल तर विश्लेषण कोणत्या क्रमाने करणार ते माहिती पाहण्याआधीच लिहून नोंदवावे. मानसशास्त्रातील १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा मोठा प्रयत्न २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा साधारण ३६ टक्के प्रयोगांतच सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाले. माहिती हाती आल्यावर प्रश्न बदलत राहण्याची सवय हे त्यामागचे एक कारण मानले जाते, आणि ती सवय कोणालाही नकळत लागते.

तोंडी परीक्षेत ‘याला मर्यादा कोणत्या?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला नम्रतेची तयार वाक्ये सांगण्यापेक्षा एक खरी मर्यादा आणि तिच्यामुळे निष्कर्ष कोणत्या दिशेला झुकला असण्याची शक्यता आहे, हे सांगावे.

पदवी मिळाल्यावर फाइली, संकेतपुस्तिका आणि ओळख पुसलेला मजकूर, संमतीपत्रात तशी परवानगी घेतलेली असल्यास, विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावा. संग्रहातील कर्मचारी पहिल्याच दिवशी ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’ आणि ‘खरी अंतिम’ या तीन फाइलींपैकी कोणती घ्यायची असे विचारतात, म्हणून फाइलींची नावे तारखेसह सुरुवातीपासूनच ठेवावीत. आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना निष्कर्षांचे दोन पानी टिपण त्यांच्या भाषेत पाठवावे. त्यांपैकी एखादा उलट कळवतो की अमुक गोष्ट तुम्ही चुकीची समजलात. ते पत्रही त्याच फाइलींबरोबर जमा करावे.